दख्खनच्या कातळातले गोड्या पाण्याचे शंख-शिंपले कसे ओळखावेत

नागपूर, चंद्रपूर आणि शेजारच्या छिंदवाडा भागात काळ्या बेसाल्टच्या खदानी पाहिल्या, तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे पांढरट, राखाडी किंवा तपकिरी पट्टा दिसतो. जाडी कधी वीतभर, कधी दोन-तीन मीटर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोंढा थंड झाल्यावर त्याच्या खोलगट भागात पाणी साठलं, तळी झाली, त्यांत गाळ बसला आणि पुढच्या लोंढ्याने तो झाकून टाकला. हेच इंटरट्रॅपियन थर. त्या तळ्यांतल्या गोगलगायी आणि शिंपले आजही या पट्ट्यांत सापडतात.

त्यांची शास्त्रीय ओळख जुनी आहे. मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या माल्कमसनने जमवलेल्या नमुन्यांवरून इंग्रज निसर्गअभ्यासक सॉवर्बीने १८४० मध्ये फायसा प्रिन्सेपी, लिम्निया सब्युलाटा, पॅलुडिना डेक्कनेन्सिस, युनिओ डेक्कनेन्सिस अशी नावं दिली. पुढे १८६० मध्ये नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्यांत मोठी भर घातली. लिम्निया तेलंखेडिएन्सिस या नावात नागपूरची तेलंगखेडी आहे, सक्सिनिया नागपुरेन्सिसमध्ये नागपूर आहे. नव्याने शिकणाऱ्याची पंचाईत अशी होते की ही नावं पाठ झाली की समोरच्या प्रत्येक गोल वस्तूत तीच दिसू लागतात. म्हणून या लेखात नावाची पाळी बरीच उशिरा येईल. शंख कोणत्या अवस्थेत टिकलाय हे आधी ठरवायचं, कारण चुकीची बहुतेक नावं तिथेच जन्माला येतात.

थरापाशी

खदान असो वा शेत, मालकाची परवानगी आधी घ्या. चालू खदानीत भिंतीखाली उभं राहू नका. सोबत हातोडी, छिन्नी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुनी वर्तमानपत्रं, झिपच्या पिशव्या, पक्क्या शाईचं पेन आणि वही एवढं पुरतं. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. हा गाळ पुष्कळ ठिकाणी सिलिका मुरून चर्ट झालेला असतो आणि चर्टची कपची काचेसारखी उडते.

शंख हातात घेण्याआधी थराचं टिपण करा. खाली कोणता लाव्हा, वर कोणता, मधला पट्टा किती जाड, त्यात चुनखडी आहे की मातकट मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) की चर्ट, आणि शंख पट्ट्याच्या कोणत्या भागात आहेत. फोनवरून अक्षांश-रेखांश घ्या. खाली पडलेले नमुने आणि थरातून काढलेले नमुने एका पिशवीत कधीही घालू नका. सुटा नमुना कितीही देखणा असला तरी तो कुठल्या थरातला हे सिद्ध करता येत नाही.

इथेच आणखी एक फसगत होते. नाल्याच्या काठावर, काळ्या मातीत, पांढरे खडूसारखे शंख ढिगाने सापडतात. ते थेट डायनासोरच्या काळातले समजून फोटो टाकणारे पुष्कळ आहेत. शंख हलका असेल, त्यावर कुठेतरी हिरवट-तपकिरी सालपटासारखा पातळ पापुद्रा शिल्लक असेल, आत चिखल भरलेला आणि तोही पाण्यात लगेच विरघळणारा असेल, तर तो काल-परवाचा किंवा फार तर काही हजार वर्षांचा. इंटरट्रॅपियन नमुना दगडाचाच झालेला असतो आणि आतला भरावही दगडच असतो.

तळं, समुद्र की जमीन?

एकट्या शंखावरून हे ठरवायचा हट्ट धरू नका, सोबत काय आहे ते पाहा. कारा या पाणवनस्पतीची बारीक, मळसूत्री रेघांची गोल फळं, ऑस्ट्राकोड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांची तांदळाच्या कणीएवढी कवचं, माशांचे खवले अशी संगत असेल तर गोड्या पाण्याकडे कल जातो. प्रवाळ, समुद्री साळू किंवा कालवं दिसली तर दुसरीकडे. शंखाच्या तोंडाखाली नळीसारखी खाच किंवा चोच असेल तर थांबा, कारण गोड्या पाण्यातल्या जवळपास सगळ्या गोगलगायींना ती नसते. सगळेच इंटरट्रॅपियन थर गोड्या पाण्याचे नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या थरांत समुद्राचा आणि खाडीचा अंमल स्पष्ट आहे.

जमिनीवरच्या गोगलगायीही पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात येऊन पडत. सक्सिनिया ही तर काठावरच्या ओल्या गवतातली. त्यामुळे यादीत एक-दोन जमिनीवरची नावं आली म्हणून गोंधळून जाऊ नका.

हातात आहे ते नेमकं काय?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. गोगलगायीचं कवच बहुतांश अॅरागोनाइटचं असतं आणि हे खनिज दगडात सहज टिकत नाही. ते विरघळून त्याजागी सिलिका किंवा कॅल्साइट येतं, किंवा काहीच येत नाही. म्हणजे तुमच्या हातात चारपैकी एक गोष्ट असते: खनिज बदललेलं कवच, कवचाच्या पोकळीत भरलेल्या गाळाचा आतला साचा, कवचाच्या बाहेरच्या बाजूचा दगडात उमटलेला ठसा, किंवा हातोडीने दुभंगलेला आडवा-उभा छेद. चौघांची भाषा वेगळी.

आतला साचा सर्वांत जास्त फसवतो. त्यात कवचाची जाडी गेलेली असते, म्हणून वेटोळी एकमेकांपासून सुटी दिसतात, त्यांच्यामधली शिवण खोल वाटते आणि शंख मूळच्यापेक्षा सडपातळ भासतो. वरचं नक्षीकाम, म्हणजे रेघा, कंगोरे, गाठी, त्यावर सहसा उमटत नाही. शिवाय मधला खांब, ज्याला स्तंभिका म्हणतात, विरघळून गेला की त्याजागी भोक पडतं. नवखा माणूस त्याला नाभी, म्हणजे काही शंखांच्या तळाशी मधोमध असणारं नैसर्गिक भोक, समजतो आणि नाभी नसलेल्या फायसाला किंवा लिम्नियाला भलत्याच कुळात नेऊन बसवतो. गुळगुळीत, नाभीवाला, खोल शिवणींचा शंख समोर आला की पहिला प्रश्न हाच: हे कवच आहे की साचा? भिंगातून काठ पाहा. कुठेतरी भरावापेक्षा वेगळ्या रंगाची पातळ कड दिसली तर ते कवच. कड नसेल आणि शंखाभोवती केसाएवढी रिकामी फट असेल तर साचा, आणि त्याच्या समोरच्या दगडात बाहेरचा ठसा असणारच. तो टाकून देऊ नका. दोन्ही तुकड्यांना एकच क्रमांक द्या.

बाहेरच्या ठशात नक्षी उत्तम टिकते, पण तो उलटा असतो. उजव्या वेटोळ्याचा शंख (टोक वर धरलं की तोंड उजवीकडे येतं तो) ठशात डावा दिसतो आणि डावा उजवा. लिम्निया उजवी, फायसा डावी, त्यामुळे लिम्नियाच्या ठशाला फायसा ठरवणं फार सोपं आहे. उपायही सोपा आहे. ठशाला टाल्कम पावडरचा हलका हात द्या, मऊ प्लॅस्टिसीन दाबा आणि अलगद ओढून काढा. हातात येईल तो शंखाचा सुलटा आकार, आणि वर्णन त्याचंच करायचं. मधोमध उभा दुभंगलेला छेद असेल तर नुसत्या कापलेल्या पृष्ठावरून डावा-उजवा ठरत नाही. तिथे गप्प बसावं.

दबलेले नमुने हीही एक डोकेदुखी आहे. वरच्या थरांच्या वजनाने शंख चपटा होतो आणि रुंद, फुगीर दिसू लागतो. हिस्लॉप यांनी फायसा प्रिन्सेपीचे लांबट आणि फुगीर असे प्रकार वेगळे नोंदवले होते. असा फरक दिसला की तो खरा आहे, वयाचा आहे की दाबाचा, हे एकाच थरातले पुष्कळ नमुने शेजारी मांडूनच कळतं. सगळेच एकाच दिशेने चपटे असतील तर दोष दगडाचा.

साफसफाई

व्हिनेगरचा एक थेंब भरावाच्या दगडावर टाका आणि दुसरा, अगदी बारीक, कवचाच्या तुटक्या कोपऱ्यावर. भिंगातून बुडबुडे पाहा. दगड फसफसतो आणि कवच फसफसत नाही, म्हणजे सिलिकाचं कवच चुनखडीत आहे. असा नमुना पातळ अॅसिटिक आम्लात ठेवून दगड विरघळवता येतो. हवेशीर जागा, हातमोजे, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. नंतर नमुना काही दिवस साध्या पाण्यात बदलून बदलून ठेवा. कवचही फसफसत असेल तर आम्लाचं नाव काढू नका. दोन्ही चर्ट असतील तर आम्लाचा काहीच उपयोग नाही, सुई, बारीक छिन्नी आणि सबुरी एवढंच हाती उरतं.

मार्ल असेल तर चैन. ढेकूळ आधी पूर्ण वाळवा, मग पाण्यात टाका. वाळलेला मार्ल पाणी शोषताना आपोआप फुटतो. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा, उरलेला चुरा वाळवून भिंगाखाली ओल्या रंगाच्या कुंचल्याने निवडा. व्हॅल्व्हाटासारख्या काही मिलिमीटरच्या गोगलगायी हातोडीने कधीच मिळत नाहीत, त्या अशाच मिळतात. ठिसूळ नमुन्यावर अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पातळ पॅरालॉइड (नमुने घट्ट करणारी कृत्रिम राळ) लावा. फेव्हिकॉल नको, नंतर तो सोडवताना नमुना जातो.

गोगलगाय: धरायची कशी, पाहायचं काय

टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा शंख, डाव्या हाताला आलं तर डावा. देवघरातल्या दक्षिणावर्ती शंखाचा हिशेब इथे लावू नका. तो टोक खाली धरून पाहतात, त्यामुळे पूजेतला दक्षिणावर्ती हा प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डावा निघतो.

आता एक नमुना सावकाश पाहू. समजा नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणचा तपकिरी चर्टचा तुकडा आहे आणि त्यात बोटाच्या दोन पेरांएवढा शंख अर्धा उघडा आहे. भिंगाखाली कडेला दुधी रंगाची पातळ पट्टी दिसते, म्हणजे सिलिका झालेलं कवच आहे, साचा नाही. टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. शेवटचं वेटोळं इतकं मोठं की शंखाचा बहुतेक भाग तेच व्यापतं, वरचा मनोरा आखूड. तोंड उंच, वर निमुळतं, खाली रुंद, कानाच्या पाळीसारखं. नाभी नाही. पृष्ठावर फक्त वाढीच्या बारीक उभ्या रेघा, एकही कंगोरा नाही. डावेपण, मोठं शेवटचं वेटोळं, नाभीचा अभाव आणि गुळगुळीतपणा एकत्र आले की फायसा प्रिन्सेपी हे नाव पुढे येतं. आकारही पुरावा देतो, कारण आजच्या फायसा सहसा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या असतात, त्यांच्यापुढे ही राक्षसी आहे.

तरीही वंशाचा प्रश्न संपत नाही. डावा, मनोऱ्याचा शंख बुलिनस या वेगळ्या कुळातल्या गोगलगायीचाही असतो, आणि काही जुन्या अभ्यासकांनी प्रिन्सेपीला तिकडे नेलं होतं. अलीकडच्या लेखनात ती प्लॅटिफायसा या नावाखालीही दिसते. मऊ शरीर हाती नसताना हा वाद कवचावरच चालणार. तुमच्या वहीत जातीचं नाव लिहा आणि वंशाचं नाव कोणत्या मतानुसार घेतलं ते शेजारी नोंदवा. आणि हो, नागपूरच्या गटारात छोटी, पातळ, चकचकीत डावी गोगलगाय दिसली तर हुरळून जाऊ नका. मूळची अमेरिकेतली फायसेला अॅक्युटा आज भारतात बऱ्याच ठिकाणी पसरली आहे.

उजव्या शंखांत आधी तोंडाचा आकार पाहा. लिम्नियाचं तोंड उंच, वर टोकदार, आणि आतल्या कडेला स्तंभिकेवर पिळाची घडी. मनोरा सडपातळ, सब्युलाटात तर सुईसारखा. जुन्या लेखांतली पॅलुडिना म्हणजे आजच्या भाषेत व्हिव्हिपॅरस कुळातली. तिची वेटोळी फुगीर, शिवणी खोल, तोंड जवळपास गोल पण वरच्या बाजूला किंचित कोन. आपल्या तळ्यांतली बेलामिया तिची आजची नातलग आहे. व्हॅल्व्हाटा चिमुकली, मनोरा बसका, नाभी उघडी, तोंडाची कड सलग आणि पूर्ण गोल. बेलामियाची पिल्लंही बरीच अशीच दिसतात, म्हणून नमुना बारीक असेल तर ओठ, म्हणजे तोंडाची बाहेरची कड, पाहा. ओठ धारदार, अपुरा असेल तर प्राणी अजून वाढत होता आणि पिल्लावरून जातीचं नाव देऊ नये. उंच, अनेक वेटोळ्यांचा, आडव्या रेघांचा शंख असेल तर जुन्या लेखांतली मेलानिया, आजचं थिआरिड कुळ. सॉवर्बीच्या मेलानिया क्वाड्रिलिनियाटाच्या नावातच चार रेघा आहेत. या कुळातल्या शंखांचं टोक बऱ्याचदा झिजून तुटलेलं असतं, तेव्हा वेटोळी मोजून 'कमी आहेत' असा निष्कर्ष काढू नका. चकतीसारखा चपटा, एकाच पातळीत वळलेला शंख असेल तर प्लॅनॉर्बिडांकडे जा.

शिंपले: बिजागरी नसेल तर नाव नाही

शिंपल्यांची ओळख आत असते आणि दगडातला शिंपला बहुधा मिटलेला असतो. ही अडचण मान्य करूनच सुरुवात करावी. बेंबी, म्हणजे जिथून वाढ सुरू झाली तो उंचवटा, वर धरा. बेंबीपासून आखूड बाजू पुढची, लांब बाजू मागची, आणि दोन्ही पाळ्या, म्हणजे शिंपल्याचे दोन अर्धे भाग, जोडणारा अस्थिबंध बेंबीच्या मागे. पुढची बाजू आपल्यापासून दूर केली की डाव्या हाताची पाळी डावी.

बाहेरून काय मिळेल ते घ्या: आकार लांबट की गोलसर की त्रिकोणी, जाडी, वाढीच्या कड्या, आणि विशेषतः बेंबीवरचं नक्षीकाम. आजच्या पॅरेसियात तिथे इंग्रजी व्हीसारख्या नागमोडी सुरकुत्या असतात, लॅमेलिडेन्समध्ये बेंबी जवळपास सपाट. ही नक्षी प्राणी लहान असतानाची असते आणि मोठेपणी झिजते, म्हणून लहान शिंपलाच जास्त सांगतो. मग बिजागरी. युनिओ कुळात बेंबीखाली ओबडधोबड दात आणि मागे लांब पट्टीसारखे दात. सहसा डाव्या पाळीत अशा दोन पट्ट्या, उजवीत एक. कॉर्बिक्युला त्रिकोणी-गोल, ठसठशीत कड्यांची, प्रत्येक पाळीत बेंबीखाली तीन दात आणि बाजूचे दात करवतीसारखे दंतुर. एका मिटलेल्या नमुन्याची पाळी आतून उघडायला बरेच दिवस जातात, पण थरातल्या दहा नमुन्यांपैकी एकाचीही बिजागरी दिसली तर बाकीच्यांचं नाव पक्कं व्हायला मदत होते.

जुन्या लेखांत सगळ्या लांबट शिंपल्यांना युनिओ म्हटलंय: युनिओ डेक्कनेन्सिस, युनिओ माल्कमसोनी, युनिओ हंटेरी. त्या काळी हा वंश पोत्यासारखा वापरला गेला. बिजागरी न दिसणाऱ्या नमुन्याला 'युनिओनिड, वंश अनिश्चित' म्हणणंच बरं. त्यात कमीपणा काही नाही.

शिंपला एकदा युनिओनिड ठरला की तळ्याविषयीही बोलता येतं. यांची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटून जगतात. म्हणजे तिथे मासे होते आणि पाणी दरवर्षी आटणारं नव्हतं. उलट फायसा-लिम्निया फुप्फुसाने हवा घेतात, त्यांना गवताळ, उथळ, साचलेलं पाणीही चालतं. थरात फक्त त्याच असतील तर डबकं आणि व्हिव्हिपॅरस-व्हॅल्व्हाटा आले तर प्राणवायू बऱ्यापैकी असलेलं पाणी, असा अंदाज बांधता येतो. दोन्ही पाळ्या जोडलेले शिंपले बहुधा जिथे जगले तिथेच पुरले गेले. सुट्या, घासलेल्या पाळ्यांचा खच असेल तर प्रवाहाने वाहून आणलेला माल.

गोदावरी-प्रवरेचा तरुण गाळ

नेवाशासारख्या ठिकाणी नदीकाठच्या जुन्या गाळात आणि वाळू-गोट्यांच्या थरांत सापडणारे शंख-शिंपले मात्र वेगळ्या पद्धतीने हाताळायचे. ते फार तर काही लाख वर्षांचे, आणि त्यांतले बहुतेक आजच्याच जातींचे किंवा त्यांच्या अगदी जवळचे. इथे जुन्या शोधनिबंधांपेक्षा आजच्या नदीतले मेलेले शंख जास्त उपयोगी पडतात. मेलॅनॉइडिस, बेलामिया, लॅमेलिडेन्स, पॅरेसिया, कॉर्बिक्युला आणि पायला यांचे लहान-मोठे नमुने काठावरून गोळा करून घरी एक डबा तयार ठेवा. पायलाच्या तोंडाचं झाकण चुन्याचं असतं, ते सुटं सापडलं तर शिंपला समजू नका. अवघड जातीसाठी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. या गाळातल्या शंखांचं कार्बन-१४ वरून वय काढताना एक खबरदारी घ्या: पाण्यात विरघळलेला जुना चुना कवचात जात असेल तर वय खऱ्यापेक्षा जास्त येतं.

मापं, नाव, चिठ्ठी

गोगलगायीची उंची, रुंदी, तोंडाची उंची आणि वेटोळ्यांची संख्या. शिंपल्याची लांबी, उंची, जाडी आणि बेंबी पुढच्या टोकापासून किती अंतरावर. साधा व्हर्निअर पुरतो. तुटलेल्या नमुन्याच्या मापापुढे 'तुटका' असं लिहा, अंदाजाने पूर्ण करू नका. फोटोसाठी प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरपा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. गोगलगायीचे तोंडाकडून, पाठीकडून, टोकाकडून आणि तळाकडून. फोनचा सेल्फी कॅमेरा वापरू नका, काही फोनमध्ये तो चित्र आरशासारखं उलटं साठवतो आणि डाव्या-उजव्याची सगळी मेहनत पाण्यात जाते.

नाव लिहिताना पुरावा जिथे संपतो तिथे थांबा. कुळ पक्कं, वंश नाही, तर कुळच. वंश पक्का पण जातीची खूण दिसत नाही, तर वंशापुढे 'जात अनिश्चित'. सगळं जुळतंय पण एखादी खूण झाकलेली आहे, तर 'फायसा प्रिन्सेपीसदृश'. चिठ्ठीवर क्रमांक, ठिकाण, अक्षांश-रेखांश, थर, तारीख, कवच की साचा की ठसा, आणि नाव कोणत्या खुणेवरून दिलं हे एका ओळीत. नवी जात असावी असं वाटलं तर नमुना भूविज्ञान विभाग असलेल्या विद्यापीठात किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा, आणि सोबत थराचं टिपण, समोरचा ठसा आणि त्याच थरातले साधे, तुटके नमुनेही न्या. तपासणारा बहुधा तेच आधी मागतो.